डब्यांच्या बुडाखाली

आमच्या गिरणीवाल्या काकांना डब्यावर नाव लिहिलेलं खपायचं नाही. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही नालासोपाऱ्याला पश्चिमेला राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मला याचा प्रसाद मिळाला. चिपळूणला माहेरी दळणाच्या डब्यावर बाबांचं नाव ऑइलपेंटने लिहिलेलं असे. त्या सवयीने मी औषधाच्या चिकटपट्टीवर आडनाव लिहून ती डब्याला लावली आणि गहू घेऊन गिरणीत गेले. काकांनी डबा हातात घेतला, पट्टी पाहिली आणि माझ्यादेखत नखाने खरवडून काढली.

"अहो काका, नाव होतं ते!"

"डब्याला तोंड असते, बाय!" ते ओरडले. गिरणीत सगळं ओरडूनच बोलावं लागतं. "मना तोंड समजते. नाव लिवायला ही काय शाळा हाय?"

मला असा राग आला की दुसरी गिरणी शोधायचं ठरवूनच मी घरी आले. संध्याकाळी डबा आणायला गेले तर तीस-चाळीस डबे एकाला एक लागून उभे. अॅल्युमिनियमचे, स्टीलचे, तुपाचे, बिस्किटांचे. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मागे न वळता हात लांबवला आणि निळ्या झाकणाचा माझा डबा पुढे सरकवला. झाकणावर सोनचाफ्याचं एक फूल. म्हणजे दळून झालं. ही त्यांची पावती. मी दुसरी गिरणी शोधली नाही.

काका निर्मळ गावचे. तिथे त्यांची केळीची आणि फुलांची वाडी होती. ती भाऊ बघायचे आणि काका रोज सकाळी सायकलवरून गास गावावरून गिरणीत यायचे. हँडलला फुलांची पुडी, डोक्यावर टोपी. घरून निघताना ती काळी असायची म्हणे, आम्ही ती कायम पांढरीच पाहिली. भुवयाही पांढऱ्या, पण त्या वयाने की पिठाने हे कुणी सांगू शकलं नसतं. शाळा चौथीपर्यंत. "पाचवीत गेलो असतो तर कारकून झालो असतो," म्हणायचे, आणि मी मुंबईला हापिसात कारकून आहे हे ठाऊक असल्यामुळे मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणायचे.

घराघरातली खबर त्यांना डब्यातून कळायची. नाचणी आली की घरात बाळ रांगायला लागलं. तांदूळ जास्त आले की गावाहून पाहुणे. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर सावंतवहिनी राहायच्या. त्यांच्याकडून एकदा लागोपाठ ज्वारीच आली, तेव्हा काका भर रांगेत ओरडले, "साहेबांना शुगर निघाली काय?" निघाली होती, पण वहिनींनी ती सासरीसुद्धा सांगितली नव्हती. त्या आठवडाभर गिरणीत फिरकल्या नाहीत. गंमत म्हणजे काकांना स्वतःला शुगर होती, ब्लडप्रेशर होतं, आणि चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. वर वाडीतलं एक राजेळी केळं. "ही वाडीतली साखर, ही नाय लागत," हे त्यांचं वैद्यक.

गोळ्यांबद्दलही असंच. गिरणीचा पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावतात, म्हणजे तो पुन्हा धरतो. काका मला ती राळ दाखवून म्हणाले, "पट्टा घसरला की लावायची. रोज रोज कोन लावते? गोळीचं तेच. डोकं जड झालं की घ्यायची." मी हे वाक्य ऑफिसात जाऊन सांगितलं आणि सगळे हसले. काकांची वाक्यं ऑफिसात नेणं हा माझा उद्योगच होता. मी त्यांची नक्कलही बरी करायचे.

नक्कल सोपी होती, कारण त्यांचं निम्मं बोलणं हातांनी चालायचं. मूठ दाखवली की जाडसर, अंगठा-तर्जनी चोळली की बारीक, तळहात आडवा धरला की थांबा. बिल्डिंगमधली मुलंसुद्धा घरात तसं बोलायला लागली होती. दर बुधवारी गिरणी बंद ठेवून काका स्वतः दगडाला टाकी मारायचे, म्हणजे छिन्नीने त्यावर तिरप्या खाचा पाडायचे. दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं आणि तापलेलं पीठ म्हणजे त्यांच्या मते मेलेलं पीठ. छिन्नीची टकटक दुपारभर चालायची. इतकी वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसाच्या कानांचं काय झालं असेल, असा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. गिरणीत कुणालाच काही ऐकू येत नसे, त्यामुळे काकांना किती ऐकू येतं हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो उद्भवला लोडशेडिंगमध्ये. मी रजेवर होते आणि भर दुपारी दळण आणायला गेले, तेवढ्यात वीज गेली. पट्टा फडफडत थांबला. गिरणीत इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. काका रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी मागून विचारलं, "काका, आता कधी येणार लाइट?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग जरा जोरात. समोरचा भाजीवाला वळून बघायला लागला, काका मात्र स्वस्थ. शेवटी मी त्यांच्या खांद्याला हात लावला तर ते इतके दचकले की हातातला माझा डबा सुटला आणि निळं झाकण फुटलं. मग त्या शांततेत ते पूर्ण आवाजात ओरडून मला समजावू लागले, तळहात आडवा धरून, की थांबा.

मी हसले. खरं सांगते, पोट धरून हसले. तेही हसले. "गिरनीवाल्याचे कान गिरनीने खाल्ले!" म्हणाले. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. राळेच्या डब्यात ठेवलेलं. "ते घातलं की अख्खी गिरनी डोक्यात शिरते. नको ते." मी नवीन लाल झाकण आणलं आणि हा किस्सा अॅक्शनसकट वर्षभर सांगितला.

त्यानंतर ते कमी बोलायला लागले. म्हणजे आधीच लागले असतील, मला तेव्हा जाणवलं. घरोघरीच्या चौकशा बंद झाल्या. आपण काही सांगितलं की मान डोलवायची आणि हसायचं. निर्मळच्या देवळातलं भजन त्यांनी सोडल्याचंही कळलं. "तिथे सगळे नुसती तोंडं हलवतात," म्हणाले. आम्ही म्हणायचो, काका वयाने मवाळ झाले. सावंतवहिनींना तर हायसंच वाटलं. एकदा गासजवळ स्कूटरच्या धक्क्याने ते सायकलवरून पडले, डोकं आपटलं, थोडा वेळ म्हणे शुद्ध नव्हती. तरी उठले, रुमाल बांधला आणि गिरणी उघडली. टेंगूळ लिंबाएवढं. आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. डॉक्टरकडे जा, असं एकानेही म्हटलं नाही. मीही नाही.

मग एका संध्याकाळी काकांनी माझ्यापुढे डबा सरकवला आणि तो माझा नव्हता.

"काका, हा माझा नाही. लाल झाकणाचा माझा."

ते वाचत होते माझे ओठ, हे मला आता कळतं. "तुमचाच," ते म्हणाले. मी पुन्हा मान हलवली आणि पलीकडे उभा असलेला माझा डबा बोटाने दाखवला. त्यांनी त्या डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो कधी विसरणार नाही. भीती. साठी-पासष्टीच्या माणसाच्या चेहऱ्यावरची उघडी भीती. दुसऱ्या क्षणी ते रागाने पेटले, "नसेल न्यायचा तर नको न्या!" म्हणून डबा आपटला आणि पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मी गुपचूप परका डबा उचलून घरी आले.

तो सावंतवहिनींचा निघाला, आणि माझा त्यांच्याकडे. आम्ही जिन्यात बदलून घेतले. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर तसंच झालं. तेव्हा जिन्यात उभं राहून आम्ही बायकांनी ठरवलं की काकांना काही बोलायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं? देतील तो डबा हसून घ्यायचा आणि घरी येऊन बदलायचा. फक्त डबे ओळखायचे कसे, कारण तुपाचे डबे सगळ्यांचे सारखे. नाव लिहावं तर काका खरवडणार. युक्ती मी काढली. नेलपॉलिशचा ठिपका, तोही बुडाखाली, जिथे त्यांची नजर जाणार नाही. मला एक, सावंतवहिनींना दोन, असं करत सगळ्या बिल्डिंगच्या डब्यांना मी माझ्या हाताने ठिपके लावले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

हे दोन वर्षं चाललं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर डबे उलटे करून ठिपके बघायचे, आपापला उचलायचा, चार गप्पा मारायच्या. कधी ठिपका जुळायचा पण आत भलतंच पीठ असायचं. मग वाटीवाटीने अदलाबदल. एकदा चतुर्थीच्या राजगिऱ्यात कुणाची तरी बाजरी आली, त्यावरही आम्ही हसलो. शेजारच्या बिल्डिंगवाल्या विचारायच्या, तुमचा जिन्यात कसला बाजार भरतो. पुढे भाकरीत कचकच लागायला लागली. काका आता बुधवारीच नव्हे, रोज टाकी मारत होते. काल मारली हे त्यांना आठवत नव्हतं. दगड झिजून पिठात उतरत होता आणि आम्ही तो चावून खात होतो. तरी बोललो नाही. आमच्या समजूतदारपणाला तोड नव्हती.

एका रविवारी दुपारी त्यांचा मुलगा आमच्या दारात उभा राहिला. तो बँकेत होता, सकाळी लवकर निघायचा, त्यामुळे मी त्याला फार तर दोनदा पाहिलं असेल. चेहरा उतरलेला. काका आदल्या दिवशी गिरणी बंद करून सायकलवरून निघाले आणि निर्मळला वळलेच नाहीत. सरळ कळंबच्या किनाऱ्यावर गेले. कोळी लोकांनी त्यांना वाळूत सायकल घेऊन बसलेलं पाहिलं. कोण आहात विचारलं तर म्हणाले, "लाइट आली की जातो."

"डॉक्टर म्हणतात, त्यांना रोज बघणारं कुणीतरी सोबत आणा," तो म्हणाला. "आईला सगळं सांगता येत नाही, मी दिवसभर बाहेर. तुम्ही याल का, ताई?"

वसईला एका मेंदूच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो. काका, काकी, मुलगा आणि मी. काका धुतलेला शर्ट घालून बसले होते आणि टोपी खरोखरच काळी होती. डॉक्टरांनी वार विचारला, ते हसले आणि मान डोलवली. सकाळी काय खाल्लं विचारलं, तेच. मग डॉक्टरांनी कागद-पेन्सिल देऊन खुणेने सांगितलं, घड्याळ काढा. काकांनी सुंदर गोल काढला. मधोमध एक भोक काढलं. आणि भोकापासून कडेपर्यंत तिरप्या रेघा ओढायला लागले, एकसारख्या, न थांबता. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

"गिरणीचा दगड आहे तो," मी म्हणाले. "टाकी मारतायत."

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनेक महिने झाले असतील," मुलगा म्हणाला.

मग मी म्हणाले, "दोन वर्षं झाली."

मुलगा माझ्याकडे वळला. मी सगळं सांगितलं. डबे, जिना, ठिपके, कचकच, मागून मारलेल्या हाका, गासचं पडणं. सांगता सांगता ते सगळं मला पहिल्यांदा एकाखाली एक दिसलं. हेच मी ऑफिसात नक्कल करून सांगत होते! मुलगा ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "ताई, तुम्ही बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगितलंत. आम्हालाच तेवढं नाही सांगितलंत."

डॉक्टर भले होते. म्हणाले, "तेव्हा आणलं असतं तर बरे झाले असते, असं मी म्हणणार नाही. हा आजार बरा होत नाही. पण कान गेलेला माणूस बोलायचं टाळतो, माणसांतून उठतो, आणि मग मेंदूचं कामच कमी होतं. त्यात प्रेशर, शुगर, गोळ्यांची धरसोड, डोक्याचा मार. यातल्या कुठल्या एकामुळे झालं असं बोट ठेवता येत नाही. ओझी चढत जातात. त्यातली दोन-तीन उतरवता आली असती, कदाचित थोडा वेळ मिळाला असता." काकी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. काका सगळ्यांकडे बघून हसत होते, प्रत्येकाच्या ओठांकडे आळीपाळीने.

मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही. आम्ही त्या माणसाला जपत होतो असं मला वाटत होतं. आम्ही त्याचं दुखणं झाकत होतो, आणि तेही हसतखेळत. आज इतकी वर्षं झाली तरी तो धक्का ओसरलेला नाही. पण खरा धक्का अजून बसायचा होता.

गिरणी बंद झाली. मुलाने यंत्र काढायला घेतलं आणि आम्हाला राहिलेले डबे न्यायला बोलावलं. मी गेले तेव्हा काकी ओट्यावर बसून डबे फडक्याने पुसत होत्या. त्यांनी माझा डबा उलटा केला, बुडाखालचा लाल ठिपका बघितला आणि पुन्हा सरळ करून ठेवला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

यंत्रामागच्या भिंतीवर कॅलेंडरं टांगलेली होती, एकावर एक, कित्येक वर्षांची. मुलाने ती सगळी एकदम उतरवली आणि तसाच उभा राहिला. मागच्या चुन्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत. चौथीतल्या मुलासारखं मोठं, सुटं अक्षर. मुलाला वाचवेना. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

"काय लिवलंय?" काकींनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मी वाचायला लागले. डब्यांची यादी होती ती. ज्या माणसाने नाव लिहिलेलं कधी खपवून घेतलं नाही, त्याने यंत्राच्या आडोशाला उभं राहून सगळ्या गल्लीचे डबे लिहून ठेवले होते. "कडेला पोचा, जाडी वैनी, दुसरा माळा, ज्वारी." "बिस्कीट डबा, मास्तर." प्रत्येक डब्याचं तोंड. मग माझा आला. "चिपळूनची, पट्टीवाली. निळं झाकन." त्यातलं 'निळं' खोडून वर 'लाल' लिहिलं होतं.

माझं निळं झाकण फुटलं ते लोडशेडिंगच्या दुपारी. म्हणजे ही यादी त्याच्या आधीची. ज्या दुपारी मी पोट धरून हसत होते, त्या दुपारी काकांना सगळं ठाऊक होतं. पहिला डबा चुकण्याच्या कितीतरी आधीपासून ते जाणून होते की आपल्या हातून काहीतरी निसटतंय, आणि ते कुणालाही न सांगता, एकटेच, भिंतीवर लिहून धरून ठेवत होते. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. दोघांच्या मध्ये फक्त डब्याचं बूड होतं.

"आनि खाली?" काकी म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात बारीक काय लिवलंय?"

कोपऱ्यातलं अक्षर पुन्हा पुन्हा गिरवून काळं झालं होतं. मला वाटलं, राहिलेला एखादा डबा असेल. मी वाकले आणि काकींना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.

"आधी गास. मग निर्मळ. देवळापासून डाव्या हाताला आपलं घर."